हँडलबारवरून फक्त रस्ता दिसतो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सायकलवर तंबू-सामान बांधून केलेल्या भटकंतीचे व्हिडिओ कसे घ्यावेत आणि कसे कापावेत, याबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेक पत्रं मुंबई-ठाण्याची आणि बहुतेकांची वाट कोकण किनाऱ्याची, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली.

प्रश्न: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि आगरदांड्याहून दिघी असा प्रवास आम्ही दोघांनी केला. हँडलबारवर अ‍ॅक्शन कॅमेरा लावून सव्वाचार तासांचं फुटेज जमवलं. कापून बारा मिनिटांवर आणलं, तरी घरच्यांनाही शेवटपर्यंत बघवत नाही. कुठे चुकलं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कापण्यात फारसं चुकलेलं नसावं. अडचण फुटेजमध्येच आहे. हँडलबारवरच्या कॅमेऱ्याला एकच गोष्ट दिसते, पुढचा रस्ता. क्षितिज त्याच उंचीवर, रस्ता त्याच कोनात, वेगही तोच. पाच-सहा सेकंदांत बघणाऱ्याला ती चौकट पाठ होते आणि पुढचं सगळं तेच वाटतं. शिवाय सायकल चालवणारा माणूस, त्याचा चेहरा, मागे बांधलेलं सामान यातलं काहीच त्यात येत नाही. बारा मिनिटं माणूसच दिसला नाही तर घरचेही कंटाळणारच.

उपाय असा की कॅमेरा सतत चालू ठेवायचा नाही. दिवसातले पाच-सहा प्रसंग ठरवायचे, तिथे थांबायचं आणि प्रत्येक प्रसंग वेगवेगळ्या अंतरांवरून घ्यायचा. आगरदांड्याची जेट्टीच घ्या. पहिला शॉट लांबून: फेरीबोट अजून पाण्यात, धक्क्यावर दोन लादलेल्या सायकली. मग तिकिटाचे पैसे मोजणारे हात. मग बोटीचा लोखंडी फळा काँक्रीटवर टेकतो तो क्षण. हा आवाजासाठी जवळून घ्या, कारण तो घासल्याचा आवाज ऐकला की जागा आपोआप समजते. मग कॅमेरा जमिनीलगत ठेवून काँक्रीटवरून लोखंडावर चढणारं मागचं चाक, जिथे सॅडल बॅग डुलताना दिसते. कठड्याला सायकल बांधणारी बंजी दोरी. पाण्याकडे बघणारा सोबत्याचा चेहरा, घाई न करता. मागे पडत जाणारा किनारा. आणि दिघीला उतरणारं पुढचं चाक. आठ शॉट, प्रत्येकी चार सेकंद धरले तरी तयार व्हिडिओतलं अर्धं मिनिट झालं. चित्रीकरणाला वेगळा वेळ काढावा लागला नाही, कारण फेरीची वाट तुम्ही बघतच होतात.

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा. मनात दहा मोजा, मगच हात हलवा. नवखे लोक तीन सेकंदांत बटण दाबतात आणि कापायला बसल्यावर हातात हलत्या सुरुवाती आणि हलते शेवटच उरतात.

आता सायकलस्वार चौकटीतून जाताना दिसण्याचा शॉट. यासाठी छोटा ट्रायपॉड पुरतो. तो डाउनट्यूबला (हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या नळीला) दोन पट्ट्यांनी बांधता येतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, पुढ्यात गवत किंवा दगडी बांध येऊ द्या. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर, तेव्हा कॅमेऱ्याच्या ४० मीटर आधीपासून सायकल चौकटीत आली तर दहा सेकंद मिळतात. चौकटीबाहेरून आत या, चौकटीबाहेर जा आणि पुढे पाच सेकंद रिकामा रस्ता तसाच राहू द्या. कापताना तो लागतो. थांबणं, मांडणं, मागे जाणं, चालवणं आणि परत येऊन उचलणं यात सहा-सात मिनिटं जातात. दिवसाला असे पाच शॉट घेतले तर अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. तो निघतानाच हिशेबात धरा. धरला नाही तर संध्याकाळी मुक्कामाला पोहोचायच्या घाईत कॅमेरा बाहेर निघतच नाही, आणि उजेड सर्वांत चांगला तेव्हाच असतो.

घाटात आंधळ्या वळणावर ट्रायपॉड लावू नका. कॅमेरा डोंगराच्या बाजूला आणि वाहनचालकाला लांबून दिसेल अशा जागी असावा.

प्रश्न: फोन हँडलबारला लावून व्हिडिओ घेतला तर चित्र जेलीसारखं थरथरतं. फोनमध्ये स्थिरीकरण आहे, तरी असं का? फोन खराब होतो का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर: फोनचा सेन्सर संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. वाचन चालू असताना हँडलबार हादरला की वरच्या ओळी एका जागी आणि खालच्या दुसऱ्या जागी नोंदल्या जातात. म्हणून विजेचे खांब वाकडे-तिकडे नाचतात. हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. हादरा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कमी करावा लागतो.

फोनच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात भिंग चुंबकांच्या आधाराने किंचित तरंगतं ठेवलेलं असतं. हात हलला की ते उलट सरकतं. २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सूचना काढली होती की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलबारवर आयफोन लावला तर त्या कंपनांनी ही यंत्रणा कमजोर होऊ शकते. सायकलला इंजिन नाही, जोखीम कमी आहे. पण खडीच्या रस्त्यावर तासन्‌तास फोन तिथे ठेवायचं कारणही नाही. नकाशासाठी फोन लागतोच, तर तो टॉपट्यूबवरच्या (सीट ते हँडल आडव्या नळीवरच्या) पारदर्शक खिशाच्या बॅगेत ठेवा. चित्रीकरणाला तो हातात किंवा ट्रायपॉडवरच घ्या.

अ‍ॅक्शन कॅमेरा हँडलबारवर लावायचाच असेल तर स्टेमच्या (हँडलबार मधोमध धरणाऱ्या तुकड्याच्या) जवळ लावा. तिथे नळी जाड असते, बहुतेक नव्या सायकलींवर ३१.८ मिलिमीटर, आणि टोकांपेक्षा कमी डोलते. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी गुंडाळा. जोडणीचे हात जितके कमी तितकं बरं. दोन सांध्यांची लांब दांडी लावली की प्रत्येक सांधा थरथर वाढवतो. साध्या नटाऐवजी आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरा, तो कंपनाने सैल होत नाही. नागदेवी स्ट्रीटवर असे नट आणि रबराच्या पट्ट्या सुट्या मिळतात. आणि कॅमेऱ्याला एक दोरी हँडलबारशी वेगळी बांधा. क्लॅम्प तुटला तर कॅमेरा चाकात जाता कामा नये. कार्बनचा हँडलबार असेल तर क्लॅम्प हाताच्या जोराने आवळू नका, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरा आणि हँडलबारवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहा.

याहून चांगली जागा छातीवरच्या पट्ट्याची. हात-पाय आणि पाठ हादरे शोषून घेतात, आणि चौकटीत तुमचे हात, ब्रेक, हँडलबार रोल (हँडलला बांधलेली सामानाची गुंडाळी) दिसतात, म्हणजे प्रवासाची जाणीव राहते. फक्त पट्टा घालून उभं राहून कोन ठरवू नका. सायकलवर बसलं की धड पुढे झुकतं आणि कॅमेरा थेट पुढच्या चाकाकडे बघायला लागतो. सीटवर बसून, हात हँडलवर ठेवून कोन वर करा. हात चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात यावेत. कॅमेऱ्यात चौकोनाच्या जवळची उंच चौकट निवडता येत असेल तर तीच निवडा. मग कापताना चित्र वर किंवा खाली सरकवायला जागा उरते.

एक शेवटचं. सावलीत, बोगद्यात किंवा संध्याकाळी स्थिर केलेलं चित्र अधूनमधून धूसर होऊन धडधडतं. कारण कमी उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, हादऱ्याची धूसरता प्रत्येक फ्रेममध्ये पक्की होते आणि मग सॉफ्टवेअर ती फ्रेम नुसती जागेवर आणून ठेवतं. अशा वेळी शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढू द्या. थोडे दाणे दिसलेले चालतात. याच कारणाने चालत्या सायकलवरच्या कॅमेऱ्यावर गडद फिल्टर लावू नका. शटर फ्रेमवेगाच्या (सेकंदाला जितक्या फ्रेम त्याच्या) दुप्पट ठेवायचा नियम ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यासाठी आहे.

प्रश्न: सेकंदाला किती फ्रेम ठेवाव्यात, २५, ३० की ६०? आणि फोर-के घ्यावं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: २५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची चमक सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. टपरीतली ट्यूबलाइट किंवा खानावळीतला एलईडी २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटरवर स्थिर दिसतो. ३० फ्रेम आणि १/६० वर काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या मेनूत लुकलुक रोखण्यासाठी ५० की ६० हर्ट्झ असं विचारलेलं असतं, तिथे ५० करा. मग २५, ५०, १०० हेच पर्याय समोर येतात. मंदगती हवी तेवढाच शॉट ५० वर घ्या.

फोर-के तुमच्याकडे जागा असेल तर घ्या, कारण चौकट थोडी आत कापता येते. हिशेब असा: १०० मेगाबिटचं फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट. ६४ जीबीच्या कार्डात सव्वा तासाच्या थोडं वर मावतं. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असावं. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ ची चार बरी. एक हरवलं तर एकाच दिवसाचं जातं.

प्रश्न: चालवताना बोललेलं काहीच ऐकू येत नाही, नुसता वारा. कोणता माइक घ्यावा?
— दोन वाचक, वसई आणि चेंबूर

उत्तर: आधी हे समजून घ्या की वाऱ्याचा तो घूंघूं आवाज हवेतून येत नाही. वारा माइकच्या जाळीवर आदळून तिथेच भोवरे करतो, त्यातून तो तयार होतो. म्हणून महाग माइकही उघडा असेल तर तसाच घोंघावतो. स्पंजची टोपी थोडा फरक पाडते. लांब केसांची लोकरी टोपी जास्त, कारण ती हवेचा वेग माइकपर्यंत पोहोचण्याआधीच मारते. ताशी २० किलोमीटरने चालवताना समोरून वारा असेल तर कॉलरचा माइक उघड्यावर लावू नका. जर्सीच्या आत, छातीच्या मधल्या हाडावर, वर लोकरी टोपी घालून चिकटपट्टीने बसवा. वायरचा एक छोटा वेटोळा करून तोही चिकटवा, नाहीतर कपडा घासल्याचा आवाज वाऱ्यापेक्षा वाईट लागतो. वायरलेस संच असेल तर ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज साठतो असा घ्या. ट्रान्समीटर पाठीच्या खिशात आणि कॅमेरा पुढे असला की मध्ये तुमचं शरीर येतं आणि सिग्नल तुटतो.

आमचं मत मात्र असं की चढावर धापा टाकत दोन शब्द बोलायचे ते बोला, त्यात जीव असतो. पण सांगण्यासारखं जे असेल ते थांबून सांगा. पाठ वाऱ्याकडे, फोन किंवा माइक तोंडापासून वीतभर.

बाकी कथन घरी करता येतं. मुंबईच्या घरात शांतता मिळवणं हेच खरं काम. रात्री उशिरा किंवा पहाटे, लोकल आणि हॉर्न कमी असताना बसा. पंखा बंद, फ्रिज दहा मिनिटं बंद. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी बसा, किंवा डोक्यावरून गोधडी घ्या. भिंतींवरून परत येणारा आवाज कापड गिळतं. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, जरा बाजूला, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. पातळीचे उच्चांक उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. शेवटी दहा सेकंद काही न बोलता नोंदवा; सांधे जुळवताना ती शांतता कामी येते. नंतर ८० ते १०० हर्ट्झखालची खोल घरघर कापून टाका.

आणि प्रवासात आवाज वेगळे गोळा करा. मुक्कामावर सायकल उचलून मागचं चाक फिरवा, फोन एक फुटावर धरा: फ्रीव्हीलची टकटक इतकी स्वच्छ चालवताना कधीच मिळत नाही. तंबूची चेन, स्टोव्हचा फुस्स, जांभ्याच्या बारीक खडीवरून हळू चालणारा टायर, फेरीचं इंजिन. प्रत्येकी तीस सेकंद. लांबून घेतलेल्या शॉटखाली हा टायरचा आवाज घातला की बघणारा सायकलच्या शेजारी येतो. आमच्या मते नव्या कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी एवढं करून बघावं.

प्रश्न: जुलैत माळशेजला गेलो. अर्ध्या तासात भिंगावर आतून वाफ धरली आणि पुढचं सगळं फुटेज पांढुरकं आलं. कॅमेरा वॉटरप्रूफ आहे, मग पाणी आत कसं गेलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पाणी गेलेलं नाही, दमट हवा तुम्हीच आत बंद केलीत. पावसात उभं राहून बॅटरी बदलली की ती हवा बॅटरीच्या दारामागे अडकते. कॅमेरा चालून गरम होतो, बाहेरून भिंगाच्या काचेवर गार पाऊस पडत राहतो, आणि आतली वाफ नेमकी त्या गार काचेवर जमते.

निघायच्या आदल्या रात्री एसीच्या खोलीत कॅमेऱ्याची सगळी दारं उघडून अर्धा तास ठेवा आणि तिथेच, पूर्ण भरलेली बॅटरी घालून, बंद करा. एसीची हवा कोरडी असते. दिवसभर दार उघडावं लागू नये असं नियोजन करा. उघडायचंच तर छपराखाली, हात पुसून. कॅमेरा सलग चालू ठेवू नका, कमी रिझोल्यूशनवर चालवा, म्हणजे तापत नाही. वेगळं वॉटरप्रूफ कवच असेल तर त्यात वाफ शोषणारी पातळ पट्टी ठेवा आणि ती रोज सुकवा.

बाहेरच्या थेंबांसाठी मायक्रोफायबरचं फडकं झिपच्या पिशवीत, जर्सीच्या खिशात. बोटाने पुसू नका. त्वचेचं तेल काचेला लागलं की पाणी पसरण्याऐवजी थेंब होऊन बसतं. पॉवर बँकेची वायर लावून पावसात चित्रीकरण करू नका. त्यासाठी दार उघडं असतं, आणि दार उघडं म्हणजे वॉटरप्रूफपणा संपला.

काशीद किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर भिजलेला कॅमेरा मुक्कामावर दारं घट्ट बंद ठेवून १०-१५ मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा. मीठ सुकलं की रबरी सीलवर कण बसतात आणि पुढच्या वेळी तिथूनच पाणी शिरतं. मिररलेस कॅमेरा आणि भिंगं मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवली तर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत तास-दोन तास तापवले की पुन्हा चालतात. चामड्याच्या पिशवीत काहीही ठेवू नका. तांदळात तर मुळीच नाही, त्याची पूड बटणांत जाते.

प्रश्न: तीन दिवस तंबूत राहायचं तर चार्जिंगचं काय?
— एक वाचक, परळ

उत्तर: पॉवर बँकेवरच्या आकड्यावर विसंबू नका. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, आणि रूपांतरात जाऊन हाती लागतात साधारण २२ ते २४. ५,००० एमएएचचा फोन एकदा भरायलाच १९ लागतात. तेव्हा तीन दिवसांसाठी २०,००० ची बँक, अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या तीन-चार बॅटऱ्या आणि दोन तोंडांचा चार्जर. दुपारी खानावळीत जेवायला बसाल तेव्हा विचारून प्लग लावा. त्या पाऊण तासात बरंच भरतं. पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाक फिरताना वीज बनवणारा तुंबा) असेल तर सपाटीवर ताशी १५-२० ला साधारण ३ वॅट मिळतात, घाट चढताना जवळजवळ काही नाही. काळ्या टॉपट्यूब बॅगेत भर उन्हात बँक चार्ज करू नका, तापून बंद पडते.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. फोर-के क्लिप टाकली की सगळं अडकतं. फोनच्या क्लिपमध्ये तर बोलणं आणि ओठ हळूहळू वेगळे होत जातात. आणि मुळात सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर: तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्ही घेतो.

अडकण्याचं कारण: अशा क्लिप बहुधा एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या प्रकारात असतात, आणि त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. तुम्ही मधल्या एका जागी गेलात की ती एक फ्रेम दाखवायला लॅपटॉपला आजूबाजूच्या अनेक फ्रेम सोडवाव्या लागतात. उपाय प्रॉक्सी. मूळ क्लिपची हलकी प्रत, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेली. डीएनएक्सएचआर एलबी या कापण्यासाठीच्या हलक्या प्रकारात १९२०×१०८० ची प्रत तासाला साधारण १६ जीबी घेते. कापणं प्रतीवर होतं, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलवरून निघतो. ८ जीबीवर डाविंची रिझॉल्व्ह हे कापायचं सॉफ्टवेअर ओढू नका, त्याला १६ तरी हवेत. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे. प्रती बाहेरच्या एसएसडीवर ठेवा, पेनड्राइव्हवर नाही.

ओठ सुटण्याचं कारण: फोन उजेडानुसार आणि तापल्यावर फ्रेमवेग बदलत राहतो, आवाजाचा वेग मात्र ठरलेला. टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर) दोघांत अंतर पडत जातं. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडून स्थिर फ्रेमवेग निवडा, २५ ठेवा, गुणवत्तेचा आकडा १६ ते १८, आणि ती नवी प्रत वापरा. प्रॉक्सी बनवण्याच्या आधी हे करा.

आता सुरुवात. घरी आलात की कार्डं लगेच पुसू नका. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, दोन्हींतल्या चार-पाच क्लिप उघडून बघा, मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोल्डरला तारीख आणि दिवस द्या. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं निघण्याआधी जुळवलेली असतील तर क्लिप आपोआप क्रमाने लागतात.

मग वही घेऊन बसा आणि सगळं फुटेज एकदा बघा, काहीही न कापता. प्रत्येक वापरण्याजोग्या क्लिपला एक ओळ. दुसऱ्या दिवशी ती वही वाचून प्रवासातला एकच धागा निवडा: दोन दिवसांत सहा खाड्या ओलांडायच्या होत्या, किंवा पहिल्यांदाच एवढं सामान घेऊन घाट चढायचा होता. त्या धाग्यात न बसणारी क्लिप कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवा. काशीदचा सूर्यास्त सगळ्यांकडे असतो. टाइमलाइनवर आधी कथन आणि जागेवरचे आवाज मांडा, चित्रं त्यावर नंतर लावा. असं केल्याने लांबी आपोआप आटोक्यात येते. हँडलबारवरचा शॉट चार सेकंदांच्या वर नको, चौकटीतून जाणारा सात-आठ चालतो.

दिशेकडे लक्ष द्या, ही चूक बहुतेकांकडून होते. मुंबईहून दक्षिणेला निघालात की समुद्र उजव्या हाताला. कॅमेरा जमिनीकडून समुद्राकडे रोखलात तर सायकल चौकटीत उजवीकडून डावीकडे जाते. समुद्राच्या बाजूने जमिनीकडे रोखलात तर डावीकडून उजवीकडे. हे दोन शॉट एकमेकांना जोडले की सायकलस्वार परत फिरल्यासारखा वाटतो. रस्त्यावरच एक बाजू ठरवा. बाजू बदललीच असेल तर मध्ये समोरून किंवा थेट मागून घेतलेला शॉट घाला.

रंगाबद्दल थोडक्यात. सगळ्या कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स बाहेर ५५०० केल्विनला बांधून टाका, नाहीतर प्रत्येक वळणावर जांभ्याचा तांबूसपणा बदलतो. ८ बिटच्या कॅमेऱ्यात सपाट लॉग प्रकार (रंग फिके नोंदवून नंतर खुलवायचा) वापरू नका, आभाळाच्या रंगात पायऱ्या पडतात. पावसाळ्यातला हिरवा थोडा उतरवा आणि त्वचेचा रंग बघून थांबा. आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) ठेवा. त्याहून मोठा असेल तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं.

प्रश्न: २४९ ग्रॅमचा ड्रोन परवानगीशिवाय उडवता येतो असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: अर्धवट खरं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. जागेचे नियम मात्र सर्वांना सारखे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत; हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. मुंबई शहरात पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात, ते तपासल्याशिवाय ड्रोन बॅगेतून काढू नका. उरण-करंजा बाजूला नौदलाच्या जागा आहेत. तिथे ड्रोनच काय, जमिनीवरचा कॅमेराही बंद ठेवा. संरक्षित किल्ल्यांवर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. शिवाय अटल सेतू, सी लिंक आणि पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, हे निघण्याआधीच लक्षात ठेवा.

याच पत्रात भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाचं चित्रण करावं का असंही विचारलं आहे. करा, पण आधी विचारा, आणि लिलाव संपत आल्यावर विचारा. भर बोलीच्या वेळी कुणाला बोलायला उसंत नसते, आणि ट्रायपॉड टोपल्यांच्या वाटेत येतो. हातात धरूनच घ्या.

प्रश्न: टपरीवर चहा पितानाच्या शॉटमध्ये मागे रेडिओवर गाणं चालू होतं. व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. पंधराच सेकंद तर होतं!
— एक वाचक, कांदिवली

उत्तर: इतके सेकंद चालतात असा कोणताही नियम नाही, तो समज सोडून द्या. यूट्यूबची यंत्रणा मागे हळू वाजणारं गाणंही ओळखते. त्या पंधरा सेकंदांचा मूळ आवाज काढून टाका आणि तिथे दुसऱ्या ठिकाणी नोंदवलेला टपरीचा आवाज घाला: पेल्यांची किणकिण, उकळणारा चहा, रस्ता. पुढच्या वेळी चित्र घेतल्यावर रेडिओपासून दहा-पंधरा पावलं लांब जाऊन मिनिटभर नुसता आवाज घ्या. पार्श्वसंगीताला यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे. तिथल्या काही तुकड्यांना श्रेय देण्याची अट असते, ती तुकड्याच्या शेजारीच लिहिलेली असते. डाउनलोड करतानाच ती ओळ उचलून व्हिडिओच्या वर्णनात टाकून ठेवा.